राष्ट्रीय सुरक्षावाल्यांना खुलं पत्र: आपलं नाक कुठे कुठे दाबता येतं याची यादी कोणाकडे आहे?

प्रति,
राष्ट्रीय सुरक्षा परिषद सचिवालय, नवी दिल्ली
आणि देशाच्या सुरक्षेसाठी आर्थिक विश्लेषण करायचं काम ज्यांच्या ज्यांच्या टेबलावर येतं ते सगळे

सप्रेम नमस्कार.

२६ नोव्हेंबर २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने रेअर अर्थ मॅग्नेट (म्हणजे निओडायमियमसारख्या दुर्मिळ मृदा धातूंपासून बनणारे ताकदवान चुंबक) देशात बनवायची योजना मंजूर केली, ७,२८० कोटी रुपये, वर्षाला ६,००० टन क्षमता. आमच्या इंडस्ट्रीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दिवशी नुसता फुलांचा आणि अंगठ्यांचा पाऊस, मीही एक अंगठा दिला. योजना चांगलीच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण चीनने या मॅग्नेटवर आणि त्यात लागणाऱ्या धातूंवर एक्स्पोर्ट लायसन्स लावलं ते ४ एप्रिल २०२५ ला. म्हणजे त्यांनी हात आवळल्यावर साडेसात महिन्यांनी आपण कागद काढला आणि त्या कागदातच कारखाने उभारायला पहिली दोन वर्षं धरलेली आहेत. आग लागल्यावर विहीर खणायची ही आपली जुनीच सवय, पण ही आग लागणार हे कोणी बघत होतं की नव्हतं, आणि बघत असेल तर ते कोणाला सांगितलं, एवढं विचारायला हे पत्र आहे. उघडं लिहितोय कारण आतल्या पाकिटातल्या पत्रांचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

मी कोण? भोसरी एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. इलेक्ट्रिक टू-व्हीलरच्या मोटरचे रोटर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग, आम्ही असेंबल करतो, जॉबवर्क. लॅमिनेशनच्या, म्हणजे पातळ पोलादी पत्र्यांच्या, स्टॅकमध्ये खाचा असतात, त्यात मॅग्नेट सरकवायचे, ॲडहेसिव्ह भरायचं, ओव्हनला क्युअर करायचं, मग बॅलन्सिंग. मॅग्नेट एक एक काही ग्रॅमचा, पण नवीन पोराला पहिल्यांदा हेच शिकवावं लागतं की दोन मॅग्नेट जवळ आणू नकोस, मध्ये बोट सापडलं तर नख जातं. तर हा काही ग्रॅमचा माल यायचा थांबला आणि वरच्या कंपनीकडून आमच्या शेड्यूलमध्ये शून्य आलं. मशीन चालू, लाइट आहे, ऑर्डर आहे, पोरं हजर आहेत आणि काम नाही. कॉन्ट्रॅक्टवरची बीड-लातूरकडची पोरं गावी पाठवली, त्यातली काही परत आलीच नाहीत, आणि त्यांना मी काय सांगणार होतो की बाबांनो बीजिंगमध्ये एक फॉर्म अडकलाय?

तो फॉर्मसुद्धा बघण्यासारखा होता. माल मागवणाऱ्याने लिहून द्यायचं की हा मॅग्नेट कशात बसणार, तो शस्त्रात जाणार नाही, तिसऱ्या कोणाला जाणार नाही, मग त्यावर इकडचे शिक्के, दिल्लीतल्या चिनी दूतावासाचा शिक्का, आणि मग तिकडे रांगेत. विचार करा, भोसरी-चाकणमधल्या कुठल्या मोटरमध्ये काय जातं याची अख्खी कुंडली आपणच भरून त्यांना दिली. आता त्यांच्याकडे आपल्या सप्लाय चेनचा नकाशा आहे. आपल्याकडे आहे का?

बरं हे फक्त आमच्यासारख्या लहानांचं नव्हतं. जुलै २०२५ मध्ये बजाज ऑटोच्या राजीव बजाज यांनी उघडपणे सांगितलं होतं की असंच चाललं तर ऑगस्टमध्ये इलेक्ट्रिकचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं. आकुर्डीच्या कंपनीवर ही वेळ, तर त्यांच्या खाली तिसऱ्या-चौथ्या पायरीवर बसलेल्यांचं काय ते समजून घ्या.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी. यातलं काहीच गुपित नव्हतं. यासाठी हेर लागत नव्हते, सॅटेलाइट लागत नव्हतं, पेपर वाचणारा एक हुशार माणूस आणि त्याचं ऐकणारा एक साहेब एवढंच लागत होतं. सप्टेंबर २०१० मध्ये जपान आणि चीन दोघेही दावा सांगतात त्या सेन्काकू बेटांजवळ जपानने चिनी मासेमारी बोटीचा कॅप्टन धरला आणि त्यानंतर जपानला जाणारे रेअर अर्थ अडकले, हे जगाने बघितलं. पुढचा क्रम बघा, ऑगस्ट २०२३ गॅलियम आणि जर्मेनियमवर लायसन्स, डिसेंबर २०२३ ग्राफाइटवर लायसन्स आणि त्याच महिन्यात रेअर अर्थ मॅग्नेट बनवायचं तंत्रज्ञान बाहेर द्यायला बंदी, सप्टेंबर २०२४ अँटिमनी, फेब्रुवारी २०२५ टंगस्टन आणि आणखी चार धातू. आणि मग एप्रिल. म्हणजे माणूस जिना चढून वर येतोय, प्रत्येक पायरीवर पाय आपटतोय आणि आपण दार वाजल्यावर दचकलो. डिसेंबर २०२३ चीच पायरी घ्या, जो देश मॅग्नेट बनवायची पद्धतसुद्धा बाहेर जाऊ देत नाही तो उद्या मॅग्नेटला हात घालणार हे कळायला अर्थशास्त्राची डिग्री लागत नाही, भोसरीतला कुठलाही परचेसवाला सांगेल. मग तेव्हा आमच्यापर्यंत एक ओळ का आली नाही, की तीन-चार महिन्यांचा स्टॉक करून ठेवा? कर्ज काढून केला असता.

दुसरी. तुम्हाला कळलं नव्हतं असंही मला म्हणता येत नाही, हेच तर दुखतं. विशाखापट्टणमला बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्राच्या) आवारात रेअर अर्थ मॅग्नेटचा प्लांट मे २०२३ मध्ये सुरू केला, समेरियम-कोबाल्टचे, वर्षाला ३,००० किलो, संरक्षण, अणुऊर्जा आणि अंतराळासाठी. म्हणजे मिसाइलचा मॅग्नेट अडकू नये ही काळजी घेतली गेली, त्याबद्दल मनापासून सलाम. पण स्कूटर, कार, पंखा, लिफ्ट यांचा मॅग्नेट सुरक्षेच्या व्याख्येतच बसला नाही. उद्या गाड्यांचे कारखाने थांबले, लाखो माणसं घरी बसली तर ती राष्ट्रीय सुरक्षेची गोष्ट नाही का? समोरच्याने नेमकं तेच ओळखलं, मिसाइलच्या वाटेला न जाता नाक दाबलं, कारण नाक दाबलं की तोंड उघडतं. ऑगस्ट २०२५ मध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीत आले तेव्हा खतं, रेअर अर्थ आणि टनेल बोरिंग मशीन या तीन गोष्टींवर बोलणं झालं आणि सोडतो म्हणाले. तीन गोष्टी बघा म्हणजे कळेल. एक आपल्या शेतात, एक आपल्या कारखान्यात, एक बुलेट ट्रेनच्या बोगद्यात. सीमेवर काही हललं नाही आणि तीन ठिकाणी आपण विनंती करत बसलो.

तिसरी, आकड्यांची. आपल्याकडे आयातीचं विश्लेषण म्हणजे सगळ्यात महाग काय येतं त्याची उतरत्या क्रमाने यादी. तेल, सोनं, इलेक्ट्रॉनिक्स. चीनबरोबरची व्यापारी तूट २०२४-२५ मध्ये ९९ अब्ज डॉलरच्या वर गेली, त्यावर टीव्हीवर चर्चा होतात. पण चीनकडून आलेल्या ११३ अब्ज डॉलरच्या आयातीत मॅग्नेट शोधायला गेलात तर एक टक्क्याच्याही कितीतरी खाली सापडेल. रकमेने बघितलं तर तो कचरा आहे, अडवणुकीने बघितलं तर तो राजा आहे. कस्टमच्या कोडात बरीच वर्षं आमचा मॅग्नेट 'इतर' या खान्यात मोडत आला. याचा परिणाम बघा, २०२५ मध्ये देशात नेमके किती रेअर अर्थ मॅग्नेट येतात याचे एका रेटिंग संस्थेचे आकडे काहीशे टनांचे आणि सरकारी आकडे हजारो टनांचे! ज्याचं वजनच माहीत नाही त्याचा साठा किती दिवसांचा करायचा हे कोण ठरवणार?

इथे थोडं विषयांतर, पण सांगावंसं वाटतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन आणि अमेरिकेने अर्थशास्त्रज्ञांना बसवून हाच प्रश्न उलटा विचारला होता, की जर्मनीचं नाक कुठे आहे. हिशेब करून करून एक उत्तर निघालं, बॉल बेअरिंग. कारण रणगाडा, विमान, मशीन टूल, सगळ्यात बेअरिंग, आणि त्याचे बरेचसे कारखाने श्वाइनफुर्ट या एकाच गावात एकवटलेले. गंमत म्हणजे त्यातले मोठे कारखाने एसकेएफच्या जर्मन उपकंपनीचे, आपल्या चिंचवडला जिचा कारखाना आहे तीच स्वीडिश कंपनी. ऑगस्ट आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये अमेरिकनांनी तिथे दोन मोठे हल्ले केले, ऑक्टोबरच्या एकाच दिवसात ६० बॉम्बर गमावले. आणि तरी जर्मनी थांबली नाही, कारण साठा होता, कारखाने पटापट विखुरले, डिझाइन बदलून कमी बेअरिंगमध्ये भागवलं, आणि स्वीडनमधूनही माल येतच होता. म्हणजे नाक बरोबर ओळखलं होतं, पण माणूस तोंडानेही श्वास घेऊ शकतो हे हिशेबात कमी पडलं. आमच्या धंद्यातसुद्धा हेच झालं. काही मोठ्या कंपन्यांनी धडपड करून हेवी रेअर अर्थ (डिस्प्रोसियम, टर्बियम) नसलेल्या मॅग्नेटवर डिझाइन वळवली, कोणी फेराइटवर, म्हणजे रेअर अर्थ न लागणाऱ्या साध्या मॅग्नेटवर, प्रयोग केले. डिस्प्रोसियम आणि टर्बियम कशाला घालतात, तर मोटर तापली तरी मॅग्नेटची ताकद जाऊ नये म्हणून, म्हणून तर ग्रेडच्या पुढे एसएच, यूएच अशी अक्षरं असतात. मग कुठल्या मोटरला खरंच यूएच लागतो आणि कुठे आपण नुसते सवयीने वापरतोय, हे आधी कोणी विचारलं असतं तर अर्धं संकट कागदावरच मिटलं असतं. पण ते विचारायला अर्थशास्त्रज्ञाच्या शेजारी टूलरूमचा माणूस बसवायला लागतो. नुसत्या ग्राफवाल्याला हे कधीच कळणार नाही, आणि खरं सांगतो, नुसत्या माझ्यासारख्यालाही नाही.

चौथी. आपल्याकडे आर्थिक गुप्तवार्तेची खाती नाहीत असं नाही. केंद्रीय आर्थिक गुप्तवार्ता ब्युरो १९८५ पासून आहे, डीआरआय (महसूल गुप्तचर संचालनालय) त्याआधीपासून, ईडी आहे, २००४ पासून फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट आहे. पण या सगळ्यांचं काम मुख्यतः चोर पकडायचं. सोनं कोणी आणलं, बिल कोणी फुगवलं, पैसा कुठून कुठे गेला. ते करायलाच हवं. पण परका देश कायदेशीर मार्गाने, स्वतःच्या कायद्याखाली, रीतसर फॉर्म छापून आपला कारखाना बंद पाडतो तेव्हा यातलं कुठलं खातं फोन उचलतं? वाणिज्य म्हणतं आम्ही बोलतोय, परराष्ट्र म्हणतं आम्ही बोलतोय, अवजड उद्योग म्हणतं योजना आणतोय, खाण मंत्रालयाचं क्रिटिकल मिनरल मिशन जानेवारी २०२५ मध्ये आलंच होतं, आणि रेअर अर्थची सरकारी कंपनी आयआरईएल, जिचं मुख्यालय मुंबईत प्रभादेवीला, ती अणुऊर्जा विभागाखाली. जून २०२५ मध्ये बातमी आली की त्या कंपनीला जपानला जाणारा माल थांबवायला सांगितलंय, जुन्या करारानुसार जात होता तो. म्हणजे इतकी वर्षं कच्चा माल आपण बाहेर देत होतो आणि मॅग्नेट बाहेरून घेत होतो, आणि हे चित्र एका कागदावर एका माणसाला दिसलं ते माल थांबल्यावर.

जपानचं उदाहरण दिलं की लोक म्हणतात ते श्रीमंत आहेत. असतील. पण २०१० च्या फटक्यानंतर २०११ मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या लायनस या रेअर अर्थ कंपनीत २५ कोटी डॉलर घातले, सरकारी संस्था आणि सोजित्झ ही व्यापारी कंपनी मिळून, आणि चीनवरचं अवलंबन ९० टक्क्यांच्या आसपासवरून ६० च्या आसपास आणलं. २५ कोटी डॉलर म्हणजे आपल्या मंजूर योजनेच्या एक तृतीयांशही नाही. मग एप्रिल २०२० मध्ये त्यांनी त्यांच्या राष्ट्रीय सुरक्षा सचिवालयातच अर्थकारणाची वेगळी टीम बसवली आणि मे २०२२ मध्ये आर्थिक सुरक्षेचा कायदा केला. पैशापेक्षा क्रम बघा, आधी फटका, मग लगेच हातपाय, मग खुर्ची, मग कायदा. आपण गलवान २०२० मध्ये बघितलं, तेव्हापासून आपली खुर्ची कुठे आहे? असेल तर सांगा, मी आनंदाने गप्प बसतो.

पाचवी थोडक्यात, कारण यावर नाशिकवाले माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. आपण स्वतः अडवतो तेव्हाही हाच आंधळेपणा. जून २०२० मध्ये बंदरांवर चिनी कंटेनर अडकून पडले, नुकसान झालं ते इकडच्या कारखान्यांचं. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद. भाव उतरवायचा होता ते समजलं, पण शेजारचे देश त्यानंतर कांदा कुठून घ्यायला लागतात, आपल्यावरचा भरवसा किती उतरतो, हे त्या फाइलमध्ये एका पानावर तरी होतं का?

आणि पुढचं नाक कुठलं तेही बघून ठेवा. माझ्या वर्कशॉपपासून गाडीवर जवळच पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आहे, १९५४ ची, देशातली पहिली पेनिसिलिनची सरकारी फॅक्टरी. त्याच आपल्या देशात पेनिसिलिन-जी (बऱ्याच अँटिबायोटिक्सचा कच्चा माल) बनणं पुढे जवळजवळ बंद पडलं कारण चीनचं स्वस्त होतं, आणि २०२० मध्ये कोविड आल्यावर ६,९४० कोटींची योजना काढून ते परत सुरू करायची वेळ आली. पिंपरी आणि भोसरी, दोन्हीकडे एकच गोष्ट. स्वस्त मिळतंय म्हणून सोडलं, अडलं तेव्हा कोटी मोजले. औषधांच्या कच्च्या मालाचा मोठा हिस्सा आजही तिकडूनच येतो. तिथे कोणी हात आवळला तर माझ्या शेड्यूलमध्ये शून्य येणार नाही, ससूनच्या वॉर्डात येईल.

मागण्या सांगतो, साध्या आहेत.

एक, सुरक्षा परिषद सचिवालयात सामरिक आर्थिक विश्लेषणाचं नेतृत्व करणारा एक वरिष्ठ माणूस नेमा, ज्याचं हे एकच काम असेल, आणि ज्याची नोट थेट वरपर्यंत जाईल. त्याच्या टीममध्ये इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसची माणसं घ्या, पण त्यांच्याबरोबर कस्टमचा माणूस, बँकेचा माणूस आणि कारखान्यात पंधरा-वीस वर्षं घासलेला इंजिनिअरही घ्या, भले त्याचं इंग्रजी कच्चं असेल. तो माणूस आधीच असेल तर तो आहे एवढं तरी जाहीर करा.

दोन, नाकांची यादी करा. रकमेप्रमाणे लावू नका. प्रत्येक वस्तूपुढे चार गोष्टी लिहा, किती देश देतात, पर्याय लावायला किती महिने, देशात किती दिवसांचा माल आहे, आणि थांबला तर किती रोजगार थांबतात. मॅग्नेटसारख्या वस्तूंना आयातीत स्वतंत्र कोड द्या, 'इतर' चालणार नाही.

तीन, त्या यादीचा उघडा भाग दर सहा महिन्यांनी लघुउद्योगांपर्यंत पोचवा, मराठीत, तमिळमध्ये, गुजरातीत. गुप्त ते गुप्त ठेवा, आम्हाला मिसाइलचं काही नको. पण जे परदेशी पेपरात छापून आलंय ते तरी वेळेवर आमच्या जिल्हा उद्योग केंद्रात येऊ दे.

चार, एप्रिल २०२५ चा पंचनामा करा. कारगिल संपल्यावर काही दिवसांत, जुलै १९९९ मध्येच संरक्षणतज्ज्ञ के. सुब्रह्मण्यम यांची समिती बसली, अहवाल झाला, काही भाग झाकून का होईना संसदेत ठेवला. त्यातून नंतर बरंच काही सुधारलं. तिथे डोंगरावर घुसलेले दिसले नाहीत म्हणून समिती बसली, इथे चौदा वर्षं आधीपासून जाहीर येत असलेला माणूस दिसला नाही म्हणून का बसू नये? कोणाला शिक्षा द्या असं माझं म्हणणं नाही. कोणी इशारा दिला होता का, तो कुठल्या टेबलावर अडला, एवढं कळू दे.

पाच, आपल्या बाजूने कुठलीही निर्यातबंदी किंवा आयात अडवण्याआधी या टीमची नोट फाइलला लागल्याशिवाय सही होऊ नये. घाई असेल तर दोन पानांची लावा, पण लावा.

सहा, नवीन मॅग्नेट कारखाने उभे राहीपर्यंतच्या दोन वर्षांसाठी साठा करा आणि त्यातला ठरावीक हिस्सा लहान युनिटसाठी राखून ठेवा. नाहीतर मोठे उचलतील आणि आम्ही परत रांगेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये चीनने आणखी निर्बंध जाहीर केले होते ते नोव्हेंबरमध्ये वर्षभरासाठी थांबवले, पण एप्रिलचे तसेच आहेत, आणि वर्षभराची मुदत संपेलच. तोवर निदान पहिल्या दोन मागण्यांवर हो की नाही एवढं कळवा. उत्तर आलं तर ते जसंच्या तसं इथे टाकीन, आमच्या ग्रुपवरही फिरवीन.

आपला,
भोसरी एमआयडीसीतला एक लघुउद्योजक